वाडा पाडण्याआधी त्याचा इतिहास कसा लिहून ठेवावा? (जुने फोटो, मिळकत पत्रिका आणि भिंती)

देवडी

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या शुक्रवार पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला जातोय. पाडावा की नाही, यावर चर्चा नको. मागच्या भिंतीला टेकू लावलेत, दर पावसाळ्यात धोकादायक इमारतीची नोटीस दाराला चिकटते आणि वरच्या माडीवर आता कोणी जात नाही. मला हवंय ते एवढंच, की वाडा उभा आहे तोवर त्याची हकीकत नीट लिहून ठेवावी. "पेशवाईतला वाडा होता" एवढ्या एका वाक्यावर पुढच्या पिढीची बोळवण करायची नाही.

आतापर्यंत हाताला लागलेलं सांगते.

एक फोटो आहे, मुंजीचा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मागे शिसपेन्सिलीने "शके १८३५, वैशाख". म्हणजे १९१३चा मे महिना. मधोमध मुंडावळ्या बांधलेला बटू, दोन्ही बाजूंना पगड्या आणि उपरणी, मागे नऊवारीतल्या बायका, त्यातल्या दोघी हलल्यामुळे पुसट. त्यांच्या डोक्यावर माडीचा लोखंडी कठडा दिसतो, ओतीव, वेलबुट्टीचा. तोच कठडा आज मागच्या चौकात आहे. आज त्यातली तिसरी पट्टी तुटलेली आहे, फोटोत ती अखंड आहे. त्यामुळे फोटो आमच्याच मागच्या चौकातला, याबद्दल शंका उरली नाही.

दुसरा कागद मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. तिच्यावर मूळ धारक म्हणून वेगळ्याच आडनावाचं कुटुंब आहे. आमच्या पणजोबांचं नाव येतं ते १९२१च्या फेरफारात, व्यवहाराच्या रकान्यात "खरेदी". त्याखाली गहाणाची एक नोंद, पुढे कंसात टाकलेली, म्हणजे कर्ज फिटलं असावं.

आता दोन्ही शेजारी ठेवा. मुंज १९१३ची, खरेदी १९२१ची. मुंज झाली तेव्हा वाडा आमचा नव्हताच! आत्याच्या ट्रंकेत जुन्या भाडेपावत्यांची चवड निघाली, तेव्हा उलगडा झाला. पणजोबा याच वाड्यात मागच्या बाजूला दोन खोल्यांत भाड्याने राहत होते आणि पुढे त्यांनी तोच वाडा विकत घेतला. वडिलांना हे पचायला थोडे दिवस लागले. मला मात्र पणजोबा एकदम जवळचे वाटू लागले. घरात कोणी कधी सांगितलं नव्हतं की ज्या चौकात मुलाची मुंज लावली तो चौक आपला व्हावा म्हणून त्या माणसाने आठ वर्षं काढली.

तिसरा पुरावा म्हणजे वाडा. पुढचा आणि मागचा चौक एका काळातले वाटत नाहीत. पुढे दगडी तळखड्यांवर सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) लाकडी खांब, कडीपाट (कड्यांवर फळ्या टाकलेलं छत), चपट्या विटा आणि चुना. मागे विटा जाड, कौलं मंगलोरी आणि तो ओतीव कठडा.

माझे प्रश्न: मूळ धारकांच्या मागे कसं जायचं? पुढचा चौक खरोखर किती जुना, हे कशावरून ठरवायचं? आणि पाडकामाआधी काय काय नोंदवून ठेवलंच पाहिजे?

मोडीवाचक

देवडीताई, भाडेपावत्या जपून ठेवा. तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याची सही तिन्ही एका चिठोऱ्यावर असणारा दुसरा कागद घरात सहसा नसतो.

मिळकत पत्रिका हा सारांश आहे. तिच्या मागे नगर भूमापन कार्यालयातली चौकशी नोंदवही असते. मोजणी झाली तेव्हा ही जागा कोणाची, कशाच्या आधारावर, हद्दीबद्दल कोणाची तक्रार होती का, हे तिथे लिहिलेलं असतं. सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर देऊन नकलेचा अर्ज करा आणि अर्जात "चौकशी नोंदवहीचा उतारा" असं स्पष्ट लिहा. नुसतं "जुने रेकॉर्ड" लिहिलंत तर पत्रिकेचीच प्रत हातात पडेल. क्षेत्र जुन्या नोंदीत चौरस यार्डात असेल. ०.८३६ने गुणा आणि आजच्या चौरस मीटरशी ताडून पाहा. तफावत आली तर रस्तारुंदीत जागा गेली आहे का, शेजाऱ्याबरोबर अदलाबदल झाली आहे का, हे शोधायला तिथून वाट मिळते.

दुसरं म्हणजे १९२१चं खरेदीखत. दुय्यम निबंधकांकडे स्थावराच्या दस्तांच्या दोन सूच्या असतात, पहिली माणसांच्या नावावरून आणि दुसरी मिळकतीवरून. मिळकतीवरची, म्हणजे जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती आधी पाहा. खत मिळालं की किमतीआधी चतुःसीमा वाचा. "पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस सरकारी बोळ" या चार ओळींतून शेजारची चार घरं उभी राहतात. त्या शेजाऱ्यांच्या खतांच्या चतुःसीमेत तुमच्या वाड्याचा आधीचा मालक सापडतो. ज्याचा स्वतःचा कागद हरवला, त्याचा पुरावा शेजाऱ्याच्या कागदात निघतो. असं अनेकदा झालेलं पाहिलं आहे.

मजकूर मोडीत असेल तर घाबरू नका, वाचून देणारी माणसं पुण्यात आहेत. सन मात्र स्वतः ताडून पाहा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, वर्षाअखेरीचे महिने असतील तर ७९. फसली, म्हणजे महसुली सनात ५९०. मराठ्यांच्या जुन्या कागदांतला शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. फसली आणि शुहूर एकमेकांत मिसळले की घराण्याचा इतिहास नऊ-दहा वर्षं पुढेमागे सरकतो आणि मग मुलाचा जन्म बापाच्या लग्नाआधी होतो.

पेशवे दप्तराबद्दल लोक फार मोठी आशा धरून येतात. पुणे पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले लाखो कागद आहेत, पण "आमचा वाडा दाखवा" म्हणून काही निघत नाही. घराणं सरकारी चाकरीत, इनामात किंवा एखाद्या तंट्यात सापडलं असेल तरच नाव येतं. रस्ते, बोळ आणि घरांचे तंटे पेशवाईत कोतवालाकडे जात, त्यामुळे भांडण झालेलं घर कागदात लवकर सापडतं. शांतपणे नांदलेलं घर सापडायला अवघड. पेठेचं जुनं नावही जवळ ठेवा. बुधवार ही मोहियाबाद, गुरुवार ही वेताळ पेठ, रास्ता पेठ ही शिवपुरी, भवानी ही बोरबन. आजच्या नावाने शोधलंत तर समोरचा कागद डोळ्यांखालून निसटेल.

कडीपाट

वाडे मोजणं हा माझा रोजचा उद्योग. थोडक्यात लिहितो.

मागचा चौक: मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना मंगळुरात १८६५ला निघाला. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ला आली, भोर घाट १८६३ला पूर्ण झाला. तेव्हा मागचं छप्पर त्यानंतरचं. कठड्यावर ओतकाम करणाऱ्याचं नाव किंवा नंबर उठावात असतो, बहुतेकदा खालच्या आडव्या पट्टीच्या आतल्या बाजूला. रंगाचे थर चढलेले असतील, तरी खरवडू नका. पण छप्पर नंतर बदललेलं असू शकतं. भिंत आणि छप्पर एकाच वेळचं धरू नका.

पुढचा चौक: सुरूदार खांब बघून पेशवाई म्हणू नका. चांगलं सागवान कधीच कोणी टाकून दिलं नाही. एक वाडा पडला की त्याचे खांब, तुळया, दारं दुसऱ्या वाड्यात गेली. खांबावर रिकाम्या खाचा दिसतात का पाहा. ज्या खाचेत आज काहीच बसत नाही, ती आधीच्या घरातली. तळखडा आणि खांब यांचं माप जुळतं का तेही पाहा. पायाचा दगड, भिंतीची जाडी आणि विटेचं माप यांवर जास्त भरवसा ठेवावा. खाली घडीव दगड, वर चपटी वीट आणि आतल्या आडभिंती पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या (कच्च्या विटांच्या) असतील तर जुनेपणाला वजन येतं.

पुण्याच्या इमारती एका तारखेच्या नसतातच. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३०ची, १८२८च्या आगीत आतल्या इमारती गेल्या, आज दिसतात त्या तटबंदी, दरवाजे आणि चौथरे. विश्रामबागवाडा १८०७चा, १८७९च्या आगीत बराच भाग जळाला आणि पुन्हा बांधला गेला. राजवाड्यांची ही गत, मग राहत्या घरांनी तर किती वेळा कात टाकली असेल.

मोजणीला चार माणसं, एक लांब फीत, एक लेझर मोजपट्टी आणि एक दिवस पुरतो. आधी जमिनीचा आराखडा, मग माडीचा, मग दिंडी दरवाजापासून मागच्या भिंतीपर्यंत एक छेद. प्रत्येक खोलीचे कर्ण मोजा. वाड्यातला एकही कोपरा काटकोनात नसतो, नुसत्या बाजू मोजल्या तर नकाशा जुळत नाही. माडीवर जाऊ नका, ती बाहेरून मोजता येते. कोनाडे, दिवळ्या, बळद (धान्य साठवायची जागा), उखळ, खुंट्या हे सगळं आराखड्यावर घ्या. नंतर तेच कोणाला आठवत नाही.

पूर्वभाग

धागा उत्तम आहे, म्हणूनच मनातलं स्पष्ट लिहितो. वाडा म्हटलं की आपण मालकापाशी थांबतो. मिळकत पत्रिकेवर धारक येतो. घरात राहिलेली सगळी माणसं, भाडेकरू, बायका, कामाला येणारे, खाली दुकान चालवणारे, त्या पत्रिकेत कुठेच नसतात. देवडीताईंच्या पणजोबांचंच बघा. १९२१ आधी ते त्या वाड्यात होते, नांदत होते, मुंज लावत होते, पण पत्रिकेपुरते ते नव्हतेच. पावत्या हरवल्या असत्या तर घराण्याची ती वर्षं पुसली गेली असती.

मी गंज पेठेतला. आमच्याकडे खरेदीखतं कमी आणि भाड्याच्या खोल्या जास्त. आम्ही इतिहास शोधतो तो शाळेच्या जनरल रजिस्टरमधून, जुन्या मतदार याद्यांतून, शिधापत्रिकांतून, जन्म-मृत्यूच्या नोंदीतून. मतदार यादीत घर क्रमांकावार नावं असतात. एका घर क्रमांकाखाली किती कुटुंबं, कुठली आडनावं, हे दशकादशकाने पाहत गेलं की वाडा माणसांनी भरलेला दिसायला लागतो. भाडे कायद्याखालचे दावे झाले असतील तर त्या निकालपत्रांत कोण कुठल्या खोलीत कधीपासून राहतो हे वादी-प्रतिवादी दोघांनी सांगितलेलं असतं, खोल्यांच्या मापांसकट.

बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली. जागा भिड्यांची, शाळा फुले दांपत्याची. ती वास्तू देशाला महत्त्वाची झाली ती शाळेमुळे, मालकीमुळे नाही. वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली, वाडा जर्जर होत गेला आणि डिसेंबर २०२३मध्ये स्मारकासाठी तो उतरवला गेला. स्मारक व्हावं ही आमची सगळ्यांचीच इच्छा होती आणि आहे. तरी ज्या खोलीत त्या मुली बसल्या असतील तिची लांबी-रुंदी किती, खिडकी कुठल्या बाजूला, जिना किती अरुंद, हे मला माझ्या मुलीला दाखवता येत नाही, याचं दुःख जात नाही.

मंडईचंही तसंच. १८८६ला रे मार्केट म्हणून उभी राहिली. नगरपालिकेने गरिबांच्या शिक्षणाआधी बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालू नये म्हणून फुल्यांनी विरोध केला, आणि आज तीच इमारत त्यांच्या नावाने ओळखली जाते. अष्टकोनी मनोऱ्याचा फोटो कितीही सुंदर असो, ही गोष्ट त्यात दिसत नाही.

तेव्हा ताई, तुमच्या वाड्याच्या हकिकतीत तुमच्या भाडेकरूंची नावंही येऊ द्या. त्यांना विचारून.

देवडी

पूर्वभाग, तुम्ही लिहिलेलं वडिलांना वाचून दाखवलं. आमच्याकडे चार भाडेकरू कुटुंबं आहेत, त्यातलं एक आत्याच्या जन्माआधीपासूनचं. त्या घरच्या आजींनी लगेच स्वतःचा अल्बम काढून दिला. त्यात पुढच्या चौकाचे फोटो आमच्यापेक्षा जास्त आहेत, कारण त्यांच्या खोलीचं दार चौकात उघडतं. गणपती, डोहाळजेवण, वाळत घातलेल्या कुरडया, सगळं तिथेच. मूळ मालक, आम्ही आणि भाडेकरू, तिघांची हकीकत एकत्र लिहायची असं आता ठरवलंय.

नदीकाठ

आम्ही नारायण पेठेत नदीच्या बाजूला. तुमच्याकडे ट्रंका आहेत हे वाचून आनंदही झाला आणि पोटात तुटलंही. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि आमच्या घरात फोटो, खतं, पत्रिका, लग्नातल्या याद्या, काहीही उरलं नाही. भेंड्याच्या भिंती पाण्यात विरघळून बसल्या. काठावरची कित्येक कुटुंबं नंतर गोखलेनगरला गेली आणि पेठेतल्या त्यांच्या घरांची आठवण तिथल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर संपत चालली आहे.

पण ज्यांचं सगळं वाहून गेलं त्यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. खतं घरातली गेली तरी दस्ताची नोंद निबंधकांकडे असू शकते, ती शोधावी. आणि पुरानंतर काढलेले फोटो. ते काढणाऱ्यांना विध्वंस दाखवायचा होता, पण समोरची भिंत कोसळल्यामुळे वाड्यांची आतली रचना त्यांत उघडी पडलेली दिसते. माजघर, देवघराचा कोनाडा, माडीचा जिना. आमच्या आजोबांच्या घराचा माझ्या पाहण्यातला एकमेव फोटो तसा आहे. शेजारच्या घरावर पुराच्या पातळीची रेघ अजून आहे. अशा रेघांचे फोटो मोजपट्टी लावून घ्या, रंग काढणारे येण्याआधी.

काचपट्टी

फोटोंबद्दल.

अल्बममधून फोटो ओढून काढू नका. अख्खं पान स्कॅन करा, मग प्रत्येक फोटो वेगळा, मग मागची बाजू. मागची बाजू बरेचजण सोडतात आणि स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. स्कॅन किमान ६०० डीपीआय. मूळ फोटोला लॅमिनेशन कधीही नको. बॉलपेन मागून पुढे उमटतं, मऊ शिसपेन्सिलच वापरा.

पुठ्ठ्यावर चिकटवलेला पातळ, तपकिरी झाक असलेला फोटो बहुतेक एकोणिसाव्या शतकातला किंवा विसाव्याच्या अगदी सुरुवातीचा. छापील पोस्टकार्ड असेल तर मागची बाजू पाहा. पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ असेल तर ते १९०२ नंतरचं.

रस्त्यावरचा फोटो असेल तर पुण्यातच खुणा भरपूर आहेत. नवा पूल दिसला तर १९२३ किंवा त्यानंतरचा. बंड गार्डनचा जुना पूल १८६९चा. बालगंधर्व रंगमंदिर दिसलं तर १९६८ पुढचा. गाडीवर एमएच-१२ असेल तर १९८९ नंतरचा. अशा खुणांवरून "याच्या आधीचा नाही" एवढंच कळतं. "याच्या नंतरचा नाही" हे ठरवायला दिसेनाशी झालेली वस्तू शोधावी लागते, नदीकाठचा १९६१ला पडलेला वाडा, उखडलेला हौद, बदललेली दुकानाची पाटी.

काचेच्या निगेटिव्हवरून छापलेला फोटो कधीकधी उलटा छापला जातो. पाटी, कोटाची बटणं, जिन्याची बाजू पाहून आधी खात्री करा, नाहीतर पूर्वेची खोली पश्चिमेला जाते.

आणि आत्याबाईंना फोटोसमोर बसवा, आजच. फोनवर आवाज मुद्रित करा. नावं विचारताना "हे कोण?" पेक्षा "हे कोणाच्या शेजारी बसलेत?" असं विचारलं की आठवणी जास्त निघतात.

मोडीवाचक

एक सावधगिरीची गोष्ट राहिली. घरातलं कोणी कागदांच्या नकला मागवू लागलं की भाऊबंदांच्या मनात पाल चुकचुकते. पुनर्विकासाच्या काळात तर हमखास. अर्ज करण्याआधी सगळ्या हिस्सेदारांना सांगा, आलेल्या नकलेची प्रत प्रत्येकाला द्या. आणि खतं, पत्रिका जशाच्या तशा इंटरनेटवर टाकू नका. हयात माणसांची नावं, हिस्से, बोजे झाका.

देवडी

काकांना आणि चुलत भावांना कालच सांगितलं, त्यामुळे ते अंगावर आलं नाही. उलट काकांनी त्यांच्याकडची एक गुंडाळी दिली, आणि तीच १९२१च्या खताची घरातली प्रत निघाली! बाळबोध अक्षर आहे, वाचता येतं. चतुःसीमेत "पश्चिमेस हौदाकडे जाणारा बोळ" असं आहे. आज आमच्या पश्चिमेला सरळ भिंत आहे, बोळ नाही. पुढच्या चौकात मात्र एक दगडी हौद आहे, आता त्यात माती भरून तुळस लावलीय. आत्या म्हणते लहानपणी त्यात पाणी पाहिल्याचं तिला आठवत नाही. हा "हौद" तोच का?

कडीपाट

तोच असेल असं नाही. बोळ ज्या हौदाकडे जातो तो सार्वजनिक असण्याची शक्यता जास्त, खाजगी हौदाला खतात सहसा "घरातील हौद" म्हणतील. नगर भूमापनाच्या जुन्या नकाशाच्या शीटवर बोळ दिसतो का पाहा. दिसला आणि आज नसेल, तर तो कोणाच्या बांधकामात गेला तेही तिथेच कळेल.

तुमच्या चौकातल्या हौदाबद्दल: नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं. जमिनीखालून माणूस चालू शकेल एवढं उंच दगडी नळ, मध्येमध्ये उच्छ्वास (हवा खेळण्यासाठी ठेवलेली उघडी तोंडं), आणि जागोजागी हौद. काही वाड्यांतल्या हौदांनाही त्या नळाचं पाणी होतं. माती काढल्यावर आतल्या बाजूला, वरच्या काठाखाली, तोटीसाठी ठेवलेलं भोक किंवा दगडी मुख दिसलं तर बाहेरून पाणी येत होतं. नुसता चुन्याचा गिलावा असेल आणि कुठेच भोक नसेल तर तो विहिरीच्या पाण्याने भरायचा हौद.

नळाचं मुख निघालं तर पुढच्या चौकाच्या वयाबद्दल खांबांपेक्षा जास्त बोलता येईल. पण त्याआधी महापालिकेच्या हेरिटेज विभागाला लेखी कळवा आणि ठेकेदाराला तेवढा कोपरा यंत्राने खणू देऊ नका.

पूर्वभाग

रविवारी मोजणी करणार असाल तर मी आणि माझी मुलगी येतो. फीत धरायला माणसं लागतील. येताना शुक्रवार पेठेच्या जुन्या मतदार यादीची प्रतही आणतो, तुमचा घर क्रमांक तेवढा निरोपातून कळवा.

देवडी

कळवला. सकाळी आठला या, ऊन चौकात यायच्या आत माती काढून घेऊ. तुळस आजींनी त्यांच्या कुंडीत हलवली आहे.